प्याला पुढे गेला, मी बाकावरच बसून राहिले

भायखळा पूर्व | रविवार, रात्री १०:४०

सगळ्यांना सलाम. बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच स्वतः धागा काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्याकडे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मत्तयाचा पाचवा अध्याय काढला, २३ आणि २४ वचन. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. शब्बाथ शाळेपासून पाठ आहे मला हे, बक्षीस पण मिळालंय त्यावर. पण आज काय झालं माहीत नाही, साहेब पुढे काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही. आमच्याकडे एकेक बाक उठून कठड्यापाशी गुडघे टेकायला जातो. आमचा बाक उठला, मी पाय बाजूला घेऊन सगळ्यांना वाट दिली आणि बसून राहिले. शेजारच्या काकूंनी हाताला हात लावला, चल म्हणून, मी मान हलवली. पंचवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

कारण सांगते. आईला पक्षाघात झाला तेव्हापासून सहा वर्षं ती माझ्याकडे होती, इथेच चाळीतल्या खोलीत. धाकटी बहीण अंबरनाथला, तिची मुलं लहान, ती महिन्या-दोन महिन्यांतून यायची. आईकडे सोन्याच्या दोन पाटल्या होत्या, तिच्या आईच्या. ती कायम म्हणायची, एक तुला एक धाकटीला. शेवटच्या आजारपणात एक पाटली मी मोडली, हॉस्पिटलचं बिल होतं, ते खरंच आहे. दुसरी राहिली. आई गेल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी बहिणीने विचारलं, ताई पाटल्यांचं काय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दोन्ही गेल्या गं दवाखान्यात. ती एक शब्द बोलली नाही, उलट माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ती पाटली कपाटात आहे, सोनाराच्या गुलाबी कागदात, स्टीलच्या डब्यात, वर आईची गीतांची वही ठेवलीय म्हणजे डबा दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी ती घातलेली नाही, विकलेली नाही, बघितलेली पण नाही.

आणि या वचनातून मी स्वतःसाठी पळवाट काढली होती ती अशी, की वचन म्हणतं भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. बहिणीच्या मनात काहीच नाही, कारण तिला माहीतच नाही. म्हणजे हे मला लागू नाही. दोन वर्षं मी रोज सकाळी प्रार्थना केली, महिला मंडळात साक्ष दिली, आणि ही पळवाट पण जपली.

आता प्रश्न. मला काय करायचंय ते कळतंय. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात तिच्याबद्दल अजून राग आहे, सहा वर्षं रात्रीबेरात्री उठले ती मी, बेडपॅन केलं ते मी. अशा मनाने गेले तर ते आज्ञापालन होईल का नुसता देखावा? का आधी प्रार्थना करून मन तयार होईपर्यंत थांबायचं? विश्वास आधी का आज्ञा आधी, मला खरंच उत्तर हवंय.

कल्याण स्लो | रविवार, रात्री ११:१५

ताई, वाचून गप्पच बसलो थोडा वेळ. मी वयाने बराच लहान आहे, ज्ञान पाजळत नाहीये, पण मत्तय २१ मधले दोन मुलगे आठवले. बाप म्हणतो द्राक्षमळ्यात जा, एक म्हणतो जातो आणि जात नाही, दुसरा तोंडावर नाही म्हणतो आणि नंतर पस्तावून जातो. येशूने एवढंच विचारलं की दोघांपैकी बापाची इच्छा कोणी पाळली. तो दुसरा मळ्यात हसत गेला का कुरकुरत गेला याची चौकशीच नाही. कुदळ मारताना पण चिडलेला असेल कदाचित.

माझं म्हणाल तर मागच्या वर्षी ऑफिसात रिक्षाची बिलं वाढवून लावायचो, सगळेच लावतात, महिन्याचे सात-आठशे सुटायचे. एका कॉटेज मीटिंगनंतर (घरगुती प्रार्थनासभा) बंद केलं. बंद केल्यावर शांती वगैरे काही आली नाही हो लगेच, उलट महिनाअखेरीला चणचण आली आणि चिडचिड झाली. पण तीन-चार महिन्यांनी लक्षात आलं की आता प्रार्थनेला बसल्यावर मी काहीतरी टाळत नाहीये. ते आधी टाळत होतो हे मला बंद केल्यावरच कळलं.

एक प्रॅक्टिकल सुचवतो, जाल तेव्हा हॉस्पिटलची बिलं सोबत ठेवा, म्हणजे एक पाटली खरंच मोडली हे तिला दाखवता येईल.

वचनप्रेमी | सोमवार, सकाळी ६:०५

जय ख्रिस्त. ताईंनी प्रामाणिकपणे लिहिलं त्याबद्दल देवाचे आभार. पण यात विचारण्यासारखं काय आहे? पहिला शमुवेल १५ वाचा. शौल राजाला देवाने सांगितलं होतं शत्रूचं काही ठेवू नकोस, त्याने चांगली चांगली मेंढरं ठेवली आणि वर म्हणाला देवाला अर्पण करायला ठेवली. शमुवेल संदेष्टा एवढंच म्हणाला, मग ही मेंढरं ओरडतायत ती माझ्या कानावर कशी येतात? यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. मन तयार होण्याची वाट बघणं हा सुद्धा आज्ञाभंगच आहे. आजकाल मंडळीत सगळ्यांना भावना पाहिजेत, आज्ञा कोणालाच नको. वडीलधारे, पाळक, नवरा, आईबाप, यांच्या आज्ञेत राहण्याची सवयच गेलीय, म्हणून देवाची आज्ञा पण जड वाटते.

वसईची मोगरा | सोमवार, सकाळी ९:५०

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण वर जे लिहिलंय त्यातलं शेवटचं वाक्य मला तसंच सोडता येत नाही.

शौलाचं बरोबर आहे. पण देवाची आज्ञा आणि नवऱ्याची, वडीलधाऱ्यांची आज्ञा एका माळेत ओवू नका. मी एका प्रार्थनामंडळीत सहा वर्षं हेच ऐकलं. घरात मार खात होते आणि मला सांगितलं जात होतं, अधीन राहा, तुझ्या अधीनतेने त्याचं तारण होईल. इफिसकरांस ५ मधलं २२ वचन मला इतक्या वेळा ऐकवलंय की कागद फाटला असता. त्याच्याच वरचं २१ वं वचन, ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा, ते कोणी वाचून दाखवलं नाही. पेत्र आणि बाकीचे प्रेषित सभेपुढे उभे राहून म्हणाले माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, तेव्हा समोर बसलेले सगळे वडीलधारेच होते ना.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि तिथल्या सिस्टरांची अपेक्षा होती की आता चर्च सांगेल ते मुकाट मान्य करावं. रमाबाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता तसलंच दुसरं घालून घेणार नाही. आणि हीच बाई परत येऊन ११ मार्च १८८९ ला आपल्या मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढते, विधवा मुलींसाठी, पुढे केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या बायका-मुलींना शोधून शोधून आणते, हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत करते, १९२२ मध्ये जाईपर्यंत तेच काम. आता सांगा, ही बाई आज्ञाधारक होती का नव्हती? माझ्या मते तिच्याइतकं आज्ञाधारक कोणी नाही. फक्त कोणाची आज्ञा ऐकायची हे तिला पक्कं माहीत होतं.

म्हणून ताई, तुम्हाला एवढंच विचारते, हे कोणी माणसाने तुमच्यावर लादलंय का? शेजारच्या काकू काय म्हणतील, पाळक काय म्हणतील यासाठी जायचं असेल तर थांबा. पण तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही. तुम्हाला कोणी काही बोललंच नव्हतं आणि तुम्ही बसून राहिलात.

वचनप्रेमी | सोमवार, सकाळी १०:३०

बहीण, तुमच्यावर जे गुजरलं ते वाचून वाईट वाटलं. मार खाणं ही देवाची आज्ञा नाही, कोणी तसं शिकवलं असेल तर चुकीचं शिकवलं. मी घाईत सगळं एका ओळीत लिहिलं. इफिसकरांस ६ मध्ये सुद्धा प्रभूमध्ये आईबापांच्या आज्ञेत राहा असं आहे, ते प्रभूमध्ये मी गाळायला नको होतं. शौलाबद्दल जे लिहिलं त्यावर मात्र ठाम आहे.

उत्तनचा नाखवा | सोमवार, दुपारी २:२०

मी कॅथलिक आहे, कोळी, जास्त लिहिता येत नाय पण ताईंचा प्रश्न सोडवत नाय म्हणून लिवतो.

लूक ५. शिमोन रात्रभर दमला, काय मिळालं नाय. येशू म्हणतो खोल पाण्यात ने नि जाळी टाक. आता हे फादरलोक प्रवचनात सांगतात तेव्हा पुढच्या माशांवर येतात, दोन होड्या भरल्या ते. पण एक गोष्ट आमच्यासारख्याला आधी दिसते, ते लोक तेव्हा जाळी धूत होते. रात्र फुकट गेल्यावर जाळं धुणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. चिखल, शेवाळ, कचरा, आता तर प्लास्टिक, सगळं बोटांनी वेचायचं, फाटलं असेल ते बघायचं, वाळत घालायचं. अंगात जीव नसतो. नि ते धुतलेलं जाळं परत ओलं कर म्हणतो, तेपण दिवसाढवळ्या, तेपण एक सुतार. शिमोन काय म्हणाला? मिळालं काय नाय, पण तुझ्या शब्दावरून टाकतो. त्याला मासे दिसत होते म्हणून नाय टाकलं. त्याला खात्री पण नसेल. शब्दावरून टाकलं बस. विश्वास काय तो नंतर, मासे बघून गुडघ्यावर पडला तेव्हा आला, नि तेव्हापण पहिलं काय बोलला तर मी पापी माणूस आहे, माझ्यापासून जा.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ६१ दिवस, माशांची वीण असते म्हणून. होडी वर ओढलेली, घरात पैसा नाय. काही जण चोरून जातात, त्यांना मिळतं पण. पोरगा विचारतो आपण का नाय जायचं? मी त्याला म्हटलं मासा पण देवाचाच, त्याला पण पिल्लं होऊ दे. त्या वेळेला माझ्या मनात काय लय भक्ती नव्हती, पोटात खड्डा होता. पण गेलो नाय.

ताई, तुमचं जाळं धुऊन वाळत घातलेलं आहे. परत ओलं करायला जीवावर येणारच.

माझगावकर | सोमवार, रात्री ९:१०

नाखव्यांचं वाचून फार आनंद झाला. मी पंचाहत्तरीत आहे, नातीने मराठी कीबोर्ड घालून दिलाय, सावकाश लिहितो.

आमच्या लहानपणी चाळीला एकच नळ, पाणी पहाटे साडेचारला येई आणि तासाभरात जाई. मोठ्या भावाचं आणि माझं काम पिंप भरायचं. कळशी खांद्यावर, जिना लाकडी, पाणी सांडलं तर खालचे ओरडत. म्हणून काना गावच्या लग्नाची गोष्ट वाचताना माझं लक्ष नेहमी चाकरांकडे जातं. दगडी रांजण सहा, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी, आजच्या हिशोबाने ऐंशी ते एकशेवीस लिटर, म्हणजे सगळे मिळून पाचशे ते सातशे लिटर पाणी त्यांनी वाहून आणलं. नळ नव्हता. लग्नघर, पाहुणे वाट बघतायत, द्राक्षारस संपलाय, आणि यांना काम काय तर पाणी भरा. येशूच्या आईने, मरीयेने, फक्त सांगितलं होतं, हा जे सांगेल ते करा. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. योहान एक शब्द लिहितो तो मला फार आवडतो, त्यांनी ते काठोकाठ भरले. अर्धे भरले असते तरी चाललं असतं, कोण मोजणार होतं. शेवटी त्या पाण्याचा द्राक्षारस झाला, तो कुठून आला ते भोजनकारभाऱ्याला कळलं नाही, नवऱ्याला कळलं नाही, पाहुण्यांना तर नाहीच. ज्यांनी पाणी काढलं त्या चाकरांना ठाऊक होतं, असं योहान मुद्दाम सांगतो.

ताई, विश्वास आधी की आज्ञा आधी, या वादात मी पडणार नाही, पण चाकरांचा खांदा आधी दुखला आणि कळलं मागाहून, एवढं मात्र तिथे लिहिलेलं आहे.

आणि एक, बिलांची फाईल नेऊ नका. कल्याणच्या दादांचा हेतू चांगला आहे, पण फाईल घेऊन गेलात की तुम्ही हिशोब चुकता करायला जाल. हिशोब बरोबर असेल हो तुमचा, माझ्या मते तर बहीण तुमची देणेकरी निघेल. पण वचनात हिशोब नाही, समेट आहे.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३:३५

वॉर्ड आत्ता शांत आहे म्हणून लिहितेय. मी नर्स आहे, ताई, तुमचं बेडपॅनचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं. आम्हाला निदान पगार मिळतो. घरी करणाऱ्या बाईला कोणी थँक्यू पण म्हणत नाही, त्यामुळे तुमचा राग मला पाप वाटत नाही, थकवा वाटतो. तो राग देवापुढे वेगळा मांडा. बहिणीने यायला हवं होतं हे तिला एक दिवस सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पण त्याच दिवशी, त्याच वाक्यात नको.

माझं छोटंसं सांगते. मागच्या महिन्यात एका आयाबाईंवर मी सगळ्यांसमोर ओरडले, चूक माझी होती, सलाईन मीच लावायची विसरले होते. दुसऱ्या दिवशी देवाने मनात घातलं की माफी माग, आणि मी म्हटलं बरं, मागते, एकटीला गाठून. तर मनात आलं की ओरडलीस सगळ्यांसमोर आणि माफी एकांतात? दोन दिवस टाळलं, आयाबाई दिसल्या की मी औषधांच्या कपाटाकडे वळायचे. तिसऱ्या रात्री हँडओव्हरला सगळे उभे असताना बोलले. आवाज कापत होता. आयाबाई म्हणाल्या, जाऊ द्या सिस्टर, आणि बादली उचलून गेल्या. एवढंच. त्यानंतर त्या माझ्याशी फार गोड झाल्या असंही नाही. पण मी आता त्यांच्या डोळ्यांत बघून बोलते.

कोड झालेल्या नामान सेनापतीला बरं व्हायला यार्देन नदीत बुडी मारायला सांगितली तर त्याला राग आला, कारण काम फारच साधं होतं. अंबरनाथ तर सव्वा-दीड तासावर आहे ताई.

भायखळा पूर्व | मंगळवार, रात्री १०:५५

किती प्रेमाने लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी. दोन दिवस कामावरून येताना स्टेशनच्या पुलावर उभी राहून वाचत होते.

मोगराताई, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर, नाही, कोणी लादलेलं नाही. पाळकसाहेबांना मी अजून सांगितलेलं पण नाही.

रात्रपाळी, तुम्ही नामान म्हणालात म्हणून काल रात्री तो अध्याय पुन्हा उघडला, दुसरा राजे ५. आणि मला नामान दिसलाच नाही, मला दिसला गेहजी. नामानाला बुडी मारायला सांगणाऱ्या एलीशा संदेष्ट्याचा नोकर. नामानाने दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं आणलं होतं, एलीशाने त्यातलं काही घेतलं नाही, आणि गेहजी मागून पळत गेला, खोटं सांगून थोडं मागून घेतलं, घरात नेऊन ठेवलं आणि येऊन धन्यासमोर उभा राहिला. कुठून आलास गेहजी? तो म्हणाला, तुमचा दास कुठेच गेला नव्हता. ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. घरात लपवून ठेवायचं आणि येऊन सेवेला उभं राहायचं, दोन वर्षं मी हेच केलं की. गेहजी पण त्याआधी वाईट नोकर नव्हता हो, शूनेम गावच्या बाईचा मुलगा दगावला तेव्हा कसा धावपळ करत होता.

माझगावकर काका, फाईल मी पिशवीत भरली होती. खरंच भरली होती, प्लास्टिकची निळी. तुमचं वाचल्यावर काढून ठेवली.

रविवारी उपासना झाली की जाते. मन तयार नाही. तसंच जाते.

कल्याण स्लो | बुधवार, सकाळी ८:२०

फाईलचं मी मागे घेतो काका, बरोबर आहे तुमचं. ताई, रविवारी दुपारी मी प्रार्थना करेन, गाडी माझ्याच स्टेशनवरून जाईल.

वचनप्रेमी | बुधवार, सकाळी ८:४५

मी उपास धरतो रविवारी.

भायखळा पूर्व | रविवार, रात्री ११:३०

जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

अंबरनाथ स्लो पकडली, रविवार असून गर्दी. डबा पर्समध्ये, पर्स मांडीवर, दोन्ही हात वर. ठाण्यापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते, अशी सुरुवात करू, मग असं म्हणू. कल्याणनंतर सगळी विसरले. विठ्ठलवाडीला गाडी थांबली तेव्हा वाटलं उतरावं आणि परतीची पकडावी. इथे सगळे प्रार्थना करतायत हे आठवलं, खोटं नाही सांगत, त्याच्यावरच बसून राहिले.

बहिणीने दार उघडलं, हातात कणीक. ताई, फोन नाही काही नाही? मी आत जाऊन बसले, पाणी पण नको म्हटलं आणि डबा काढून ओट्यावर ठेवला. म्हटलं आईची दुसरी पाटली, मोडली नव्हती, मी तुला खोटं सांगितलं. बस, एवढंच बोलता आलं. सहा वर्षांचं काहीच तोंडात आलं नाही, आणि ते मी दाबलं असंही नाही, त्या वेळी ते तिथे नव्हतंच.

तिने हात धुतले, पुसले, कागद उलगडला. कागदाच्या घड्या इतक्या पक्क्या झाल्या होत्या की घडीवर फाटला. पाटलीला आतून एका जागी दात लागल्यासारखी खूण आहे, लहानपणी ही आईच्या मांडीवर बसून चावायची असं आई सांगायची. तिने अंगठा बरोबर तिथेच नेला. मग विचारलं, दोन वर्षं? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मी त्या दिवशी तुझ्या पाठीवरून हात फिरवला होता ताई. मी म्हटलं, माहीत आहे. मग ती काही बोलली नाही, परत कणीक मळायला लागली. भाचा क्लासवरून आला, त्याच्याशी थोडं बोलले. जेवून जा असं ती म्हणाली नाही. दारापर्यंत आली. मी सॉरी म्हटलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही, एवढंच म्हणाली, अंधार पडायच्या आत निघ.

तर समेट झालेला नाही. येताना गाडीत खूप रडू आलं, हलकं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. पण घरी येऊन कपाट उघडलं, साडी ठेवायला, तर त्या खणाकडे बघायची नेहमी भीती वाटायची ती वाटली नाही. आईची वही नुसती होती, खाली काही नाही.

माझगावकर | सोमवार, सकाळी ७:००

पोरी, रांजण भरलास. काठोकाठ भरलास.

तिला वेळ दे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा इथे मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ ला झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं आहेत. टिळकांसारख्या माणसाला सुद्धा आपल्या माणसाची वाट बघावी लागली, आणि आज आपल्या चर्चमध्ये त्यांचे अभंग आपण गातो ते कुठल्या भट्टीतून निघालेत हे त्यावरून कळावं.

वसईची मोगरा | सोमवार, सकाळी १०:१५

ताई, ती गप्प राहिली हा तिचा हक्क आहे, तो तिला घेऊ दे. तुम्ही फोन करून करून माफ केलंस का विचारू नका. मला कोणी दुखावून नंतर माफीसाठी मागे लागायचं तेव्हा पुन्हा माझ्यावरच ओझं पडायचं.

आमच्याकडे मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या आधी एकमेकांना शांती देतात, शेजाऱ्याकडे वळून हात जोडायचे. रविवारी मी तुमच्या बहिणीच्या नावाने हात जोडले, नाव माहीत नाही तरी.

उत्तनचा नाखवा | सोमवार, संध्याकाळी ६:४०

ताई, जाळं टाकलं की लगेच वर नाय काढत. आमचं डोल जाळं तर भरती-ओहोटीवर असतं, पाणी फिरेपर्यंत थांबावंच लागतं, आपल्या हातात काय नसतं.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ४:१०

पुढच्या प्रभुभोजनाला जाणार का ताई? पाळकसाहेबांशी बोललात?

भायखळा पूर्व | शुक्रवार, रात्री ९:२५

बोलले. पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, तू तुझ्या बाजूने गेलीस, आता ये, कठड्याशी तुझी जागा आहे. मी म्हटलं अजून एक महिना बसून राहते, मला बसावंसं वाटतंय. ते म्हणाले बरं, पण शिक्षा म्हणून बसू नकोस. यावर विचार करतेय.

मोगराताई, फोन केला नाही मी. पण आज दुपारी तिचा मेसेज आला, एकच ओळ, आईची गीतांची वही तुझ्याकडे आहे का. पुढे काही नाही. मी लिहिलं, आहे, उद्या घेऊन येऊ का. अर्ध्या तासाने उत्तर आलं, ये, चारनंतर ये, मी घरी आहे.

वही आत्ता समोर आहे. आईचं अक्षर, निळी शाई, मधल्या काही पानांवर पाणी सांडून फुगलंय, शेवटच्या पानांवर पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेली दोन गीतं आहेत, अक्षरं एकात एक गेलीत. ती मी फोनवर फोटो काढून घेतली, आणि मग वाटलं तिला विचारून काढायला हवे होते. उद्या विचारते. सकाळी लवकर उठून कव्हर घालेन.